पेटी पावाला, बाळ छातीला

दाकुवाई आरोग्य ठाणं,
सोमवार, जेवणं उरकल्यावर

तीर्थरूप नव्हे, पण तीर्थाइतक्याच दूर असलेल्या उनाईसी वहिनींना,

दाकुवाईहून तुमची नणंद लोआता हिचा भरतीच्या पाण्याएवढा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? साखर खाली आली, की ऑफिसच्या चहाबरोबर केक अजून चालूच? (मी नर्स आहे, विचारणारच. तुम्ही माझ्या साहेब असलात तरी साखरेला हुद्दा कळत नाही.) दादा बरा असेलच. त्याला मी विचारलं असं मात्र सांगू नका, बहिणीनं भावाशी थेट बोलणं आपल्यात बसत नाही. म्हणूनच तर जे भावाला सुनवायचं ते वहिनीला सुनवायची सोय आपल्या वाडवडिलांनी करून ठेवली आहे. नणंद-भावजयींनी एकमेकींची यथेच्छ टर उडवावी आणि कुणी कुणावर रागवू नये, ही आपली रीत. राजधानीत, सुवाला जाऊन, मोठ्या खुर्चीत बसून ती रीत तुम्ही विसरला असाल, तर आधी आठवून घ्या आणि मग पुढचं वाचा.

अक्षर वाकडं आलंय. त्याबद्दल मी माफी मागत नाही. माझ्या छातीवर, झग्याच्या आत, एक वीतभर बाई झोपली आहे आणि ती हलली की माझा हात हलतो. कोण बाई ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण तिच्याबद्दलच तुम्ही माझ्याकडे खुलासा मागितला आहे. तो लखोटा परवाच्या बोटीनं साखरेच्या पोत्याखाली चेंगरून आला. उघडला तर आत तुमची सही. वहिनी, खरं सांगते, आधी मला आनंदच झाला. वर्षभर तुम्ही माझा फोन उचलला नाही. त्या टेकडीवरच्या नीरफणसाखाली, जिथं रेंज येते तिथं, मी भर उन्हात उभी राहून तुम्हाला फोन लावले, आणि पलीकडून ती बाई सांगायची की आपण डायल केलेला क्रमांक सध्या उत्तर देत नाही. आता निदान सरकारी कागदावर का होईना, तुम्ही माझ्याशी बोललात. मग मी मजकूर वाचला आणि आनंद ओसरला.

तुमच्या पत्रात लिहिलंय की 'सदर प्रसूत महिले'च्या कमी वजनाच्या अर्भकाला मी मंजूर पद्धतीनं न हाताळता गावातल्या अनधिकृत व्यक्तींच्या छातीवर ठेवलं, सरकारी ऊबपेटीचा खाद्यपदार्थासाठी वापर केला आणि शास्त्रात नसलेले निष्कर्ष जनतेत पसरवले. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आता खुलासा ऐका.

'सदर प्रसूत महिला' हे मात्र तुम्हाला छान सुचलं. तिचं नाव तुमच्या कानावर घालायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून मीही तिला सदर महिलाच म्हणते. तर ही सदर महिला गेल्या वर्षी सुट्टीत चार दिवस आत्याकडे म्हणून आली आणि गावच्या एमोरीनं ओढलेलं जाळं बघत किनाऱ्यावर उभी राहिली ती राहिलीच. मी जुळवलं असा तुमचा संशय आहे. देवाशपथ, मी फक्त मासे आणायला तिला पाठवत होते. (रोज पाठवत होते, हे कबूल. मला मासे आवडतात.) मग एक दिवस ती पळून गेली. पळून म्हणजे किती, तर ठाण्यापासून चार घरं, एमोरीकडे. दुसऱ्या दिवशी मीठ मागायला परत आली. एमोरीची माणसं रीतीप्रमाणे व्हेलचा दात घेऊन तुमच्या दारी क्षमा मागायला सुवाला आली, आणि तुम्ही दार उघडलं नाही. एमोरीचा बाप सावेनाथा तुमच्या पायरीवर दात मांडीवर घेऊन ऊन उतरेपर्यंत बसला होता. तो अजून सगळ्यांना सांगतो, सुवाच्या व्याह्यांचा कुत्रा फार प्रेमळ आहे. आणखी काही सांगत नाही बिचारा.

असो. बाळ आलं ते दिवस भरायच्या कितीतरी आधी आणि नेमकं समुद्र खवळलेला असताना. बोट सुटेना. मी ठाण्यात, फोन टेकडीवर आणि मध्ये एमोरी. मी एक प्रश्न सांगायची, हा धावत वर जायचा, मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरला विचारायचा, धावत खाली यायचा आणि अर्धं उत्तर विसरलेला असायचा. बाळ बाहेर आलं, सोललेल्या नारळाएवढं. आईचं रक्त फार गेलं, नंतर तिला तापही आला. रक्त थांबवायला माझे दोन्ही हात गुंतलेले. बाळ ठेवू कुठं? गुंडाळून बाजूला ठेवावं, थोडं सावरलं की मग आईच्या अंगावर द्यावं, ही आपली जुनी शिकवण. पण मला तुम्ही आठवलात.

हो, तुम्ही! त्या सुवाच्या प्रशिक्षणात तुम्हीच सांगत होतात की आफ्रिकेतल्या आणि हिंदुस्थानातल्या मोठ्या दवाखान्यांत पुष्कळ बाळांवर अभ्यास झाला आहे, आणि अशक्त बाळ सावरायची वाट न बघता जन्मल्याबरोबर उघड्या छातीला लावलं तर अशी बाळं कमी दगावतात. मी तेव्हा झोपले होते असं तुम्ही नंतर दादाला सांगितलंत. डोळे मिटलेले होते, वहिनी, कान नव्हते. आई धरू शकत नसेल तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणी निरोगी माणसानं धरावं, हेही तुमच्याच तोंडचं. म्हणून मी एमोरीला ओरडले, "धावणं पुरे झालं, शर्ट काढ!" त्याला वाटलं मी मारणार आहे. काढला बिचाऱ्यानं, आणि मी त्याची लेक त्याच्या छातीला लावून वरून कापडानं घट्ट बांधली. तो रडायला लागला. मी म्हटलं, रड, पण छाती हलवू नकोस.

आता कांगारूचं ऐका. तुमच्या कचेरीनं या पद्धतीची जी चित्रं पाठवली, त्यांवर कांगारू आहे. पोटाच्या पिशवीत पिल्लू, तोंडावर हसू. मी ते चित्र ठाण्याच्या भिंतीला लावलं आणि गावाला बोलावून सांगितलं, की एकटा एमोरी किती वेळ धरणार, आई अजून बसू शकत नाही, तर आजी-आजोबा, काका-काकू, सगळ्यांनी पाळीपाळीनं कांगारू व्हायचं आहे. मग सावेनाथा उठला. तुम्ही त्याला बंद दाराआडून पाहिलंच असेल, त्यामुळे तो केवढा आहे ते तुम्हाला सांगायला नको. तरुणपणी रग्बीत पुढच्या फळीत खेळलेला माणूस. तो म्हणाला, "लोआता, तुझ्यासाठी मी नारळावर चढेन, विहिरीत उतरेन. पण ज्या ऑस्ट्रेलियावाल्यांनी आपल्या पोरांना दर वेळी मैदानात लोळवलं, त्यांचा कांगारू मी माझ्या घरात, माझ्या नातीसाठीसुद्धा होणार नाही. दुसरा कुठला प्राणी असेल तर सांग." मागून कुणीतरी डुकराचं नाव सुचवलं. कुणी म्हणालं, शार्क चालेल. अर्धा तास प्राण्यांवर चर्चा झाली, वहिनी, आणि तिकडे एमोरीच्या छातीवर पोर होतं आणि एमोरीला लघवीला जायचं होतं.

शेवटी मी ते चित्र भिंतीवरून काढलं. (हाही तुमच्या दृष्टीनं गुन्हा असेल, जोडून घ्या.) म्हटलं, कांगारू गेला खड्ड्यात. आपल्यात मूल जन्मलं की नातेवाईक चटया-कापड घेऊन बाळाला कवेत घ्यायला येतात की नाही? त्याला आपण काय म्हणतो? रोंगोरोंगो. म्हणजे काय? कवेत घेणं. मग हे तेच आहे. फरक एवढाच, की चटई खाली ठेवायची, शर्ट काढायचा, हात धुवायचे आणि कवेत घेतलेलं पोर पुढचा माणूस येईपर्यंत सोडायचं नाही. तो शब्द ऐकला आणि वातावरण बदललं. सावेनाथानं तिथंच शर्ट काढला. त्याच्या बायकोनं त्याची छाती घासून दिली, भांडं घासावं तशी. तेव्हापासून गावात प्रार्थनेचा लाकडी ढोल वाजला की बाळाची छाती बदलते. आई शुद्धीवर आली, ताप उतरला, तशी तिला जमेल तितका वेळ ती धरते, दूध पिळून देते, आम्ही ते वाटीनं पाजतो. तिला बसवत नाही, चक्कर येते, म्हणून बोटीनं सुवालाही हलवता येत नाही. ती थकली की पुढचा तयार. शास्त्र तुमचं, शब्द आमचा. त्यात अनधिकृत काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

आता 'शास्त्रात नसलेला निष्कर्ष'. तो मी काढला, आणि पुन्हा काढीन. पुरुषमंडळी पाळीला तयार झाली खरी, पण संध्याकाळी सभाघरात मुळं कुटून यांगोनाची परात मांडली की तीच मंडळी प्यायला हजर. यांगोना पिऊन सुस्तावलेल्या माणसाच्या छातीवर मी एवढंसं पोर कशी ठेवू? दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा मी सभाघराच्या दारात उभी राहून गंभीर आवाजात म्हटलं, परदेशी झालेल्या मोठ्या अभ्यासात असं सिद्ध झालंय की यांगोना प्यायलेल्या छातीचा वास बाळाला कळतो आणि त्याचं वजन वाढत नाही. असा अभ्यास नाही. असेल तर मला माहीत नाही. पण त्या संध्याकाळी ज्यांची पाळी होती त्यांनी प्याला परत केला, आणि ज्यांनी तो परत केला त्यांच्या बायकांनी माझ्याकडे केळी पाठवली. तेव्हापासून माझ्या ठाण्याला रीघ लागली आहे. "लोआता, नवऱ्यानं सकाळी उठून लाकडं फोडावी, असं काही अभ्यासात आलंय का गं?" "सासूनं गरोदर सुनेला टारोच्या शेतात पाठवू नये, असं परदेशात कुठं सिद्ध झालंय का?" दुसऱ्या प्रश्नाला मी हो म्हटलं. आता मला सांगा, तुमच्या कचेरीची इतकी परिपत्रकं आली, एकदा तरी कुणी रांग लावून विचारायला आलं का, की अभ्यास काय म्हणतो? मी या गावाला अभ्यासाची गोडी लावली. त्याबद्दल खुलासा मागताय!

उरली ती पेटी. समुद्र निवळल्यावर पहिल्या बोटीनं तुम्ही ती पाठवलीत, त्याबद्दल आभार. चकाकती पेटी, झाकणाला काच, कुणा दात्याचं नाव कोरलेलं. पण तिला वीज लागते, वहिनी. ठाण्याच्या छपरावरच्या सूर्याच्या विजेवर लशींचा फ्रिज जेमतेम चालतो. गावचं जनित्र संध्याकाळी प्रार्थनेपासून झोपेपर्यंत चालतं, तेही डिझेल असलं तर. म्हणजे बाळानं संध्याकाळी ऊब घ्यायची आणि बाकीचा वेळ काचेतून बघत पडायचं. मी पेटी कोपऱ्यात ठेवली आणि वर चादर घातली. मग सावेनाथाच्या बायकोनं विचारलं, हिच्यात रविवारच्या पावाचं पीठ फुगेल का? मला कसं माहीत असणार? अशा वेळी करून बघायचं असतं, हे तुम्हीच शिकवलंय. करून बघितलं. असं फुगलं, वहिनी, की झाकण उचललं गेलं! त्या फुगलेल्या पिठाचा फोटो काढून सुवापर्यंत कुणी पोचवला ते मला कळलंय, आणि त्याला मी पुढची लस जरा जाड सुईनं देणार आहे.

आणि मग तुम्ही इनोके साहेबांना तपासणीला पाठवलंत. बोटीत त्यांचं पोट इतकं ढवळलं होतं की ते दोन माणसांच्या आधारानं किनाऱ्याला लागले. रीतीप्रमाणे सभाघरात आले, यांगोनाची मुळं गावापुढं ठेवली. गावाच्या वतीनं ती स्वीकारायचा मान सावेनाथाचा, आणि सावेनाथाच्या छातीवर, कापडात बांधलेली, ही. स्वीकार करताना टाळ्या अशा वाजायला हव्यात की बाहेरच्या कोंबड्या उडाव्यात. पण पोर नुकतं झोपलेलं. सावेनाथानं दोन बोटं दोन बोटांवर टेकवली. ते बघून सगळ्या सभेनं दोन बोटं दोन बोटांवर टेकवली. साहेबांना वाटलं, आपला अपमान झाला. मग प्याला फिरला. साहेबांनी पोटाचं कारण सांगून नाकारला, सावेनाथाला मात्र मानकरी म्हणून प्यावा लागला. आणि नियम म्हणजे नियम. प्यायलेल्या छातीवर बाळ नाही. त्या सभाघरात, मी सोडले तर, न प्यायलेली छाती एकच उरली होती.

मी साहेबांना नळाखाली नेलं, शर्ट काढायला लावला, साबण लावला. ते म्हणत होते, मी तपासणीला आलोय. मी म्हटलं, मग नीट जवळून तपासा. पोर छातीला लावलं, कापड बांधलं, आणि तो माणूस खांबाला टेकून असा बसला की श्वाससुद्धा विचारून घेत होता. कुणी मोठ्यानं बोललं की डोळ्यांनी दटावायचा. तिनं त्याच्या पोटावर आपला कार्यक्रमही उरकला. ढोल वाजल्यावर मी घ्यायला गेले तर म्हणाले, "झोपलीय ना आत्ताच, राहू दे थोडी." बोट भोंगे मारत होती. आणि एवढं होऊन अहवाल काय लिहिला? बाळाची प्रकृती समाधानकारक, पद्धत असमाधानकारक! पोटावरचा प्रसंग अहवालात आलेला नाही.

त्या अहवालावरून तुमचा हुकूम. नातेवाइकांनी धरणं ताबडतोब बंद करा. आई धरू शकेल तेवढं तिनं धरावं, एरवी बाळ पेटीत. न पाळल्यास गुरुवारच्या बोटीनं दुसरी नर्स येईल आणि मी त्याच बोटीनं परत जायचं. कारण काय, तर 'सदर पुरावा सुसज्ज रुग्णालयांतील असून दाकुवाईस जसाच्या तसा लागू होत नाही.' बरोबर आहे. जसाच्या तसा नाहीच लागू होत. पण मग पेटीचा पुरावा तरी कुठल्या गावातला? ज्या गावात वीज फक्त संध्याकाळी येते तिथं पेटीत ठेवलेली बाळं कशी राहिली, हे कुणी मोजलंय? मोजलं असेल तर तो अभ्यास पाठवा, मी डोळे उघडे ठेवून वाचीन. पेटीसाठी दाकुवाई सुसज्ज, आणि छातीसाठी नाही, हे कुठलं शास्त्र? दात्याला फोटो पाठवायचा आहे म्हणून पेटीत कुणीतरी दिसायला हवं, असं असेल तर सांगा, आम्ही पाव ठेवतो आणि वर झबलं घालतो.

मी बाळ पेटीत ठेवणार नाही. हे एकदा स्पष्ट लिहिते म्हणजे पुन्हा लखोटा पाठवायचा त्रास नको. आणि मी गुरुवारी बोटीतही बसणार नाही. नवी नर्स येऊ दे, तिला चहा देईन, शर्ट काढून पाळीला बसवीन. तुम्ही माझा पगार थांबवा, गणवेश मागवून घ्या. गणवेशावर तसाही या पोरीनं आपला शिक्का मारून ठेवला आहे.

आणखी एक. 'सदर प्रसूत महिला' मी इतका वेळ लिहिलं, आता माझा हात दुखतो. तिचं नाव केलेरा आहे. घ्या, घेतलं. तुमच्या पोटची केलेरा, जी लहानपणी तापात तुमच्याशिवाय कुणाच्या कुशीत झोपायची नाही. तुम्ही तिला सरकारी कागदावर 'सदर महिला' लिहिलंत आणि खाली सही केलीत. ती सही तिनंही पाहिली, वहिनी. मी लपवणार होते, पण लखोटा तिच्या उशाशीच उघडला होता. तिनं कागद वाचला, घडी घातली, आणि 'आईचा गुडघा कसा आहे, काही लिहिलंय का?' एवढंच विचारलं. मी खोटं बोलले. म्हटलं, बरा आहे म्हणून लिहिलंय.

आता जे लिहिणार नव्हते ते लिहिते. गावात खोकला आलाय. आधी सावेनाथाच्या बायकोला, मग तिच्या बहिणीला, मग एमोरीच्या दोन्ही भावांना. खोकणारी छाती मी बाळाजवळ फिरकू देत नाही. काल उपदेशकबुवा स्वतःहून शर्ट काढून आले आणि दारातच खोकले, त्यांनाही परत पाठवलं. लगेच थकणारी केलेरा सोडली तर धड उरलो ते एमोरी, सावेनाथा आणि मी. पोरगी वाढतेय, काल तराजूत टाकली तेव्हा काटा हलला, सगळं गाव ओरडलं. पण अजून तिला स्वतःची ऊब धरवत नाही. मध्ये कपडे बदलायला बाजूला ठेवलं की पाय गार पडतात. मला भीती वाटते, वहिनी. मी कुणापुढं म्हणत नाही, या गावात लोआताला भीती वाटते हे कुणाला ठाऊक नाही. तुम्हाला म्हणते. आणि शेजारची म्हातारी सालोते येता-जाता पुटपुटते की रोंगोरोंगो दोन्ही बाजूंनी करायचं असतं, बापाकडच्यांनी आणि आईकडच्यांनी. आईकडचं कोणी आलंच नाही, पोर अर्धंच धरलंय. मी तिला म्हटलं, मी आईकडचीच आहे, आईची आत्या आहे. ती म्हणते, "तू सरकारी. तू धरलेलं मोजत नाहीत." तिला वेड लागलंय. पण झोप लागत नाही मला ते ऐकल्यापासून.

तुमची आज्ञा न पाळणारी,
लोआता

ता. क. खुलासा तीन प्रतींत मागितला आहे. ही एकच आहे. बाकीच्या दोन तुम्ही काढा, तुमच्याकडे वीज आहे.

ता. क. २. इनोके साहेबांनी टेकडीवरच्या फोनवर खासगीत विचारलं की वजन किती वाढलं. त्यांना सांगितलंय, कचेरीमार्फत अर्ज करा.

ता. क. ३. उद्याच्या बोटीसाठी पत्र बंद करत होते तेवढ्यात सावेनाथा दारात येऊन उभा राहिला आणि शिंकला. एवढा मोठा माणूस, पण हात तोंडावर धरून लहान पोरासारखा बघत होता. त्याला घरी पाठवलं. जाताना रडत होता. आता एमोरी आणि मी. मी परवानगी मागायला हे पत्र लिहिलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. हुकूम मागं घेऊ नका, बदलीही करा माझी, खुशाल करा. फक्त गुरुवारच्या बोटीत त्या नव्या नर्सची जी जागा ठेवली आहे, तिच्यावर तुम्ही बसा. नर्स मला नकोय. छाती हवी आहे, न खोकणारी, आईकडची. खोकला असेल तर बोटीतूनच परत फिरा. नसेल तर किनाऱ्यावर एमोरी उभा असेल. त्याला ओळखाल, त्यानं शर्ट घातलेला नसतो. त्याला काही बोलू नका आणि त्याच्याकडून माफीही मागून घेऊ नका, त्याचे दोन्ही हात गुंतलेले आहेत. आधी हात धुवा, मग पोर घ्या. व्हेलच्या दाताचं नंतर बघू.

ता. क. ४. तो ऑफिसचा, पाठीला चेन असलेला झगा घालून येऊ नका. पुढून बटणांचा घाला.